बहात्तर हालचालींचा मूळपुरुष

कांगवानच्या कांग शोउयींना त्र्याहत्तरावं लागलं होतं, तरी गावातल्या धडधाकट गड्यांना त्यांना जागचं हलवता येत नसे. भाच्याच्या लग्नात ते हातात शेवयांचा वाडगा घेऊन अंगणात उभे होते. तिघा पैलवानांना त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "ढकला." तिघांनी खांदे लावले, दम लागेस्तोवर रेटलं. म्हातारबा शेवया ओढत राहिले. शेवटी त्यांनी कंबर चार बोटं फिरवली आणि तिघेही कोबीच्या वाफ्यात जाऊन बसले. वाडग्यातलं पाणी सांडलं नाही. हे पाहिलेली माणसं अजून आहेत.

ही विद्या म्हणजे कांगवानची ताय ची. एकापुढे एक गुंफलेल्या बहात्तर हालचाली; म्हणून सगळे तिला नुसतं 'बहात्तर' म्हणत. अडचण एवढीच की अर्ध्या कोसावरच्या पेईलिंग गावातही हीच बहात्तर चालत असे, हालचालीला हालचाल जुळत असे. आणि दोन्ही गावांचं म्हणणं एकच होतं: मूळ आमचं, चोरी तुमची.

कांग म्हणत, आमचा पूर्वज कांग थिंगजी बादशाही फौजेत सरदार होता. लढाया मारून परत आला तेव्हा त्यानं ही विद्या रचली, आणि पेईंच्या एका सालगड्यानं कुंपणाआडून ती चोरून पाहिली. पेई म्हणत, छट्! आमच्या पूर्वजानं पुरात एका बैराग्याला होडीतून पैलतीरी नेलं, त्या बैराग्यानं प्रसन्न होऊन ती दिली. कांगांचा सरदार खानावळीत भांडी घासायचा. या एका वाक्यावरून बाजारात डोकी फुटलेली होती. दोन पिढ्या दोन्ही गावांत सोयरीक नव्हती.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या शरदात, जिल्ह्यानं ठरवलं की मुलखातल्या जुन्या युद्धविद्यांची नोंद करून पुस्तक छापायचं. कामाला न्ये शूयून नावाची तिशीतली बाई नेमली होती. सायकलवर यायची, केस आखूड, बोलणं मोजकं. तिच्याजवळच्या छापील तक्त्यात रकाने होते: विद्येचं नाव, हालचालींची संख्या, मूळपुरुष, पिढ्या. बहात्तरच्या तक्त्यात मूळपुरुषाचा रकाना रिकामा होता, आणि त्यात नाव एकच बसणार होतं.

कांगवानचा गावप्रमुख फाछ्वान हा शोउयींचा लांबचा पुतण्या. धावपळ्या माणूस. गावाच्या वेशीवर मूळपुरुषाचा दगडी लेख उभा करायचा, परदेशातून शिकायला माणसं येतील, रस्ता होईल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बैठकीच्या आदल्या दुपारी तो कागदाची सुरळी घेऊन काकांकडे आला. अंगणात मक्याची कणसं वाळत टाकलेली होती. त्यातली चार बाजूला सारून त्यानं कागद पसरला.

"दहा पिढ्या, काका. थिंगजींपासून थेट तुमच्यापर्यंत. एकही खंड नाही. ऐका." आणि तो वाचू लागला. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला. आठव्या ओळीशी शोउयींचा हात कणसावरच थांबला. 'कांग युनशेंग यांनी आपले पुत्र कांग दशियु यांस संपूर्ण विद्या दिली.'

युनशेंग म्हणजे शोउयींचे आजोबा. मोठ्या दुष्काळात, जेव्हा लोकांनी झाडांच्या साली उकडून खाल्ल्या, तेव्हा ते गेले. त्या वेळी दशियु, म्हणजे शोउयींचे वडील, दोन वर्षांचे होते.

"बरोबर आहे ना?" फाछ्वाननं विचारलं.

"अक्षर छान आहे तुझं," शोउयी म्हणाले.

वडिलांनी मरताना त्यांच्याकडून शब्द घेतला होता. काय बोलायचं नाही ते त्या दिवशी ठरलं होतं, आणि पंचेचाळीस वर्षं ते पाळलं गेलं होतं. फाछ्वान खुशीत निघून गेला. म्हातारबा मात्र कणीस हातात धरून बराच वेळ बसले. एक दाणाही सोलला गेला नाही.

बैठक जुन्या नावघाटावर भरली, कारण कुठलंच गाव दुसऱ्याच्या वेशीत पाऊल टाकायला तयार नव्हतं. नदी केव्हाच दूर सरकली होती. घाटाचं नाव उरलं होतं आणि एक सपाट मैदान. कांग पूर्वेला बसले, पेई पश्चिमेला. मध्ये शूयूनबाईंचं टेबल, चहाचा थर्मास. बायका सूर्यफुलाच्या बिया फोडत मागे बसल्या होत्या.

पेईंकडून पेई वनथाय उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचे, सडपातळ, भुवया पांढऱ्या आणि लांबलचक. जिभेला धार.

"बाई, आमच्याकडे बैराग्यानं दिलेली तलवार होती," ते म्हणाले.

"होती म्हणजे?" फाछ्वान ताडकन म्हणाला. "दाखवा की!"

"सरकारच्या लोखंड वितळवायच्या मोहिमेत गेली. तुमच्या सरदाराचं चिलखत कुठे आहे? खानावळीत गहाण?"

पश्चिमेकडे हशा पिकला. पूर्वेकडून कुणीतरी ओरडलं, "बैरागी पोहता येईना म्हणून होडीत बसला, आणि तो म्हणे पाण्यासारखं वाहायला शिकवणार!" आता पूर्वेकडे हसू. शूयूनबाईंनी दोनदा टेबलावर पेन आपटलं.

"वंशावळीची वही आहे का कुणाकडे?"

दोन्हीकडच्या माना नकारार्थी हलल्या. 'जुनं ते जाळा' म्हणत निघालेल्या मोहिमेत वह्या सगळ्यांच्याच जळल्या होत्या, आणि जाळणाऱ्यांतले काही जण तिथेच बसलेले होते.

"मग मला बहात्तर दाखवा," त्या म्हणाल्या. "दोघांनीही. एकाच वेळी, शेजारीशेजारी."

हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. दोन म्हातारे मैदानात उतरले. चार हात अंतरावर उभे राहिले, एकमेकांकडे न पाहता. शोउयींनी श्वास सोडला आणि सुरुवात केली.

त्या दिवशी नावघाटावर जे होते ते अजूनही त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. पहिल्या दहा हालचालींत दोघं आपापल्या लयीत होते. मग काय झालं कोण जाणे, दोघांचे श्वास जुळले. एकाचा हात वर जाई तेव्हा दुसऱ्याचा जाई. एकाची कंबर वळे तेव्हा दुसऱ्याची वळे. बाह्या वाऱ्यानं हलाव्यात तशा हलत होत्या, आणि पाय जमिनीत खिळल्यासारखे. बिया फोडणं थांबलं. वनथायांना शोउयींनी आयुष्यभर लांबून पाहिलं होतं, बाजारात, भांडणात. इतक्या जवळून त्यांचा श्वास कधी ऐकला नव्हता. 'चांगला शिकलाय,' शोउयींच्या मनात आलं. 'माझ्या बापासारखा वळतोय.'

एकतिसाव्या हालचालीला दोघांची पावलं बदलली. इथे बहात्तरमध्ये एक विचित्र जागा आहे. लांब, खोल पवित्रे एकदम संपतात आणि अठरा आखूड पावलं येतात. टाच आधी टेकायची, चवडा जमिनीला जेमतेम लागू द्यायचा, गुडघा ताठ, आणि वळायचं ते टाचेवर. सगळा जोर कंबरेतून. दुसऱ्या कुठल्याच घराण्याच्या ताय चीत असलं पाऊल नाही. दोघांनी ते टाकलं, तंतोतंत सारखं.

संपल्यावर शूयूनबाईंनी तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, "ती मधली पावलं तशी का?"

फाछ्वान तयारच होता. "त्याला आम्ही बर्फ चाचपणं म्हणतो. आमचे पूर्वज थिंगजी गोठलेल्या नदीवरून फौज घेऊन गेले. बर्फ फुटतोय का, ते टाचेनं पाहत."

"फौज घेऊन? टाचेनं?" वनथाय म्हणाले. "बाई, ते अंकुरातून चालणं आहे. बैरागीबाबा गव्हाच्या शेतातून चालले तरी कोवळा अंकुर मोडत नसे. म्हणून चवडा टेकवायचा नाही."

तेवढ्यात मागून हसू आलं. जाड, खोकल्यानं भरलेलं, न आवरणारं. पेईंच्या बायकांत वनथायांची थोरली बहीण लिंगचू बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, अख्खं पेईलिंग तिला आत्याबाई म्हणे. काठीवर हनुवटी टेकून ती हसत होती.

"अंकुर म्हणे! बर्फ म्हणे!" तिनं डोळे पुसले. "अरे मेल्यांनो, रोज सकाळी परसाकडे जाताना मी अशीच जाते. मला कुणी सरदार म्हटलं नाही कधी!"

आणि ती काठी टेकून उठली. तिचे पाय बांधलेले होते, मुलींची पावलं लहान ठेवायच्या जुन्या चालीप्रमाणे, पाचव्या वर्षी बोटं मोडून. मुठीएवढ्या बुटांत बसणारे. ती दोन म्हाताऱ्यांच्या मधून चालत टेबलापर्यंत आली. टाच आधी, चवडा जेमतेम, गुडघा ताठ. टेबलाशी वळली ती टाचेवर, कंबरेच्या जोरानं.

सगळं मैदान पाहत होतं. एकही माणूस हसला नाही.

फाछ्वान भानावर आला. "आत्याबाई, थट्टा पुरे, बसा. बाई, हे लिहू नका."

शोउयी अजून मैदानातच उभे होते. म्हातारीचं ते वळणं पाहिलं आणि त्यांना आजी दिसली. निळ्या सुती अंगरख्यातली, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं भिंत धरलेली. पाऊस पडून गेला की खळ्यावर तिच्या टाचांचे गोल खड्डे उमटायचे, आणि सहा-सात वर्षांचा शोउयी त्या खड्ड्यांत आपली टाच बसवत बसवत चालायचा. "खांदा पाड," ती मागून म्हणायची. "पायात जोर नसू दे. माझ्या पायात कुठे आहे? जोर इथे." आणि काठी बरगडीखाली टोचायची. तो चौदा वर्षांचा असताना ती गेली. दारावर सुतकाचं कापड लावलं त्यावर लिहिलं होतं: कांगांकडे दिलेली थियानांची मुलगी. बस, एवढंच.

वडिलांना दिलेला शब्द त्यांना आठवला. 'लोक म्हणतील, बाईकडून शिकलेले. कांगांच्या नावाला हसतील.' वडील भित्रे नव्हते. पण या एका गोष्टीला ते आयुष्यभर भ्याले. आणि आता एक म्हातारी सगळ्यांसमोर चालून गेली होती, तिला थट्टा म्हणून बसवायला निघाले होते.

"आत्याबाई थट्टा करत नाहीत," शोउयी म्हणाले.

"काका!"

"तू गप. तुझ्या कागदाची आठवी ओळ खोटी आहे. माझे आजोबा गेले तेव्हा माझा बाप दोन वर्षांचा होता. दोन वर्षांचं पोर काय बहात्तर शिकणार? त्याला शेंबूड पुसता येत नव्हता." ते शूयूनबाईंकडे वळले. "माझ्या बापाला माझ्या आजीनं शिकवलं. नवरा अंगणात करायचा, ती चुलीपुढून आठ वर्षं बघायची. तो गेल्यावर आठवून आठवून उभं केलं तिनं. पण पाय बांधलेले. त्याचे लांब पवित्रे तिला झेपेनात. मग तिनं तिच्या पायांना जमेल तसं फिरवलं. ही अठरा पावलं तिची. आणि ही जोर काढायची रीत, कंबरेची, जिच्यावर आम्ही मिशीला पीळ देतो, तीही तिचीच. पायानं ढकलता येत नव्हतं म्हणून तिला सापडली. सरदाराचं बहात्तर कसं होतं ते मला माहीत नाही. माझ्याजवळ आहे ते तिचं आहे."

बोलणं संपलं. तीन पैलवानांना न हललेला माणूस टेबलाचा कोपरा धरून उभा राहिला.

पूर्वेकडे कुजबूज वाढली. एक तरुण उठला, "म्हणजे आम्ही बाईमाणसाची चाल शिकलो?" म्हणाला आणि तरातरा निघून गेला. त्याच्यामागे आणखी पाच-सहा गेले. पश्चिमेकडे पेईंना हर्ष झाला होता. "ऐकलं ना! म्हणजे कांगांचं मूळ नाहीच!" कुणीतरी ओरडलं.

आत्याबाईनं काठी टेबलावर हाणली. थर्मास आडवा झाला.

"वनथाय! तू बोलतोस की मी बोलू?"

वनथाय भुवया खाली घालून जमिनीकडे पाहत होते.

"आक्का, घरी बोलू आपण."

"घरी साठ वर्षं बोललो. आजोबांनी तुलाही सांगितलंय. बोल."

वनथायांनी मान वर केली. शेवटी ते शूयूनबाईंकडे न बघता शोउयींकडे बघून म्हणाले, "बैरागी वगैरे कुणी नव्हता. माझे आजोबा बारा वर्षं तुमच्या खळ्यावर येत होते. आडवाटेनं, गाढवावर पेंडीची पोती लादून, म्हणजे लोकांना वाटावं की पेंड विकायला आला. तुमच्या आजीपुढे त्यांनी रीतसर गुडघे टेकून गुरू केलं होतं."

"आणि मी त्या गाढवावर बसून जायची," आत्याबाई म्हणाली. "पाच वर्षांची. माझे पाय नुकतेच बांधले होते, रात्रंदिवस रडायची मी. ती म्हातारी मला मांडीवर घेऊन म्हणाली, 'रडू नको. मोडके पाय आहेत, कंबर मोडलेली नाही.' मी हे घराबाहेर कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही."

शोउयी चालत वनथायांजवळ गेले. सगळ्यांना वाटलं, आता हातघाई होणार. त्यांनी वनथायांचा कोपर धरला आणि म्हणाले, "पेंडीचं गाढव मला आठवतंय. ते चावायचं."

"मलाही चावलं होतं," वनथाय म्हणाले, आणि त्यांनी पोटरी चोळून दाखवली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. फाछ्वान महिनाभर काकांच्या दारावरून मान फिरवून जात असे. वेशीवरच्या दगडी लेखाचं काम थांबलं. पेईलिंगात वनथायांच्या दोन शिष्यांनी शिकणं सोडलं. जिल्ह्याच्या कचेरीत शूयूनबाईंच्या वरिष्ठानं तक्ता परत केला. "मूळपुरुषाच्या जागी बाई कशी लिहिता? आणि नाव कुठे आहे? 'थियानांची मुलगी' हे काय नाव झालं?"

नाव खरंच कुणालाच माहीत नव्हतं. शोउयी आजीला आजी म्हणत, त्यांचे वडील आई म्हणत, आजोबा काय म्हणत हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. थंडी पडायला लागली होती तरी शूयूनबाई आणि शोउयी थियानांच्या गावी गेले. त्या सायकल मारत, शोउयी मागच्या कॅरियरवर. थियानांची वही नशिबानं वाचली होती, एका माणसानं ती डुकरांच्या गोठ्यात पुरली होती. पानं उलटली. त्या पिढीत तीन मुलगे, नावं, जन्म, मृत्यू. मुली नव्हत्या. त्या लिहायची पद्धतच नव्हती.

परतताना शोउयी कॅरियरवरून पुढे वाकले. मग म्हणाले, "तुम्ही एखादं नाव घाला ना. छानसं."

"नाही घालणार," शूयूनबाई म्हणाल्या. चढ होता, त्यांना धाप लागली होती. "एका सरदाराची आणि एका बैराग्याची गोष्ट मी आताच खोडलीय, बाबा. तिसरी माझ्या हातानं कशी लिहू?"

शोउयी सायकलवरून उतरले आणि चढावर मागून ढकलू लागले. ही मुलगी आपल्याला आवडते, असं त्यांना वाटलं.

शूयूनबाईंनी हार मानली नाही. तीनदा तक्ता परत आला, तीनदा त्यांनी तसाच पाठवला, चौथ्यांदा दोन्ही गावांतल्या एकोणसाठ माणसांच्या अंगठ्यांच्या ठशांसह. पहिला अंगठा आत्याबाईचा होता. पुस्तक छापलं तेव्हा त्या पानावर 'मूळपुरुष' हा शब्दच नव्हता. त्या ओळीत होतं: 'ही विद्या आज आहे त्या रूपात कांगवानच्या कांग-थियान यांची. त्यांचं स्वतःचं नाव नोंदलं गेलेलं नाही.'

वसंतात पितरांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस आला, तेव्हा पेईलिंगहून चाळीस माणसं कांगवानच्या वेशीत शिरली. त्यांच्या हातात उदबत्त्या होत्या, उकडलेले पाव होते आणि एका खुर्चीवर आत्याबाईला बसवून चौघांनी उचललेलं होतं. गव्हाच्या शेतातल्या शोउयींच्या आजीच्या थडग्याच्या बुटक्या उंचवट्यापुढे सगळे उभे राहिले. फाछ्वानही आला होता, मागे, टोपी हातात घेऊन. त्याची थोरली मुलगी मात्र पहिल्या ओळीत होती. आठवड्यापूर्वी ती शोउयींकडे जाऊन, "मला अठरा पावलं शिकवा, बाकीचं नंतर," म्हणाली होती.

आणि इथे पुन्हा वाद निघाला. आधी कपाळ कुणी टेकायचं?

"मी," वनथाय म्हणाले. "माझ्या आजोबांनी गुडघे टेकून गुरू केलं. आम्ही रीतसर शिष्य. तुमचा बाप काय, पोटचा पोर. पोराला कोण शिष्य म्हणतं?"

"माझा बाप सहाव्या वर्षी शिकायला लागला. तुमचे आजोबा आले तेव्हा तो तीस वर्षांचा होता. म्हणजे आधी कोण?"

"पण तुमचा बाप शिकताना पळून जायचा. आजोबा सांगायचे. झाडावर चढून बसायचा."

"कोण पळून जायचा? तुमचे आजोबा दहा वर्षं एकोणिसावी हालचाल चुकवत होते, हे माहीत आहे का?"

"चुकवत नव्हते, तीच खरी होती! तुमच्या बापानं बदलली!"

"बदलली? करून दाखवा बघू!"

वनथायांनी अंगरख्याच्या बाह्या वर केल्या. शोउयींनी टोपी काढून फाछ्वानच्या हातात दिली. आत्याबाई खुर्चीतून ओरडली की उदबत्त्या विझतायत, आधी डोकी टेका, मग काय ते भांडा. पण दोघंही एकोणिसाव्या हालचालीत शिरले होते आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.